आंबोलीत साप बघायला कधी जावं: उघडीप धरून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून तिघं मित्र, हातात दोन रात्री, मुक्काम आंबोलीला. जंगलातले साप त्यांच्या जागी बघायचे आणि जमलं तर फोटो काढायचे. जुलैत जावं की दिवाळीच्या सुट्टीत, आणि सगळ्यात जास्त साप नेमके कोणत्या महिन्यात 'निघतात'?

आधी सरळ उत्तर देतो. दोनच रात्री असतील तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरअखेर, शनिवार-रविवार टाळून. दुसरी पसंती, मान्सून कोकणात नीट स्थिरावल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस. जुलै बऱ्याच खाली. दिवाळी त्याहून खाली, पण अगदीच टाकाऊ नाही. त्यावर पुढे येतो.

यातली अडचण 'कोणता महिना' या प्रश्नातच आहे. डोंगरात साप वर्षभर जवळपास तेवढेच असतात. बदलतं ते त्यांचं उघड्यावर असणं. मार्चमध्ये ज्या गडग्याजवळून (दगड रचून केलेल्या कुंपणाजवळून) तुम्ही रोज जाता-येता, त्याच्या जांभ्या दगडांच्या फटीत तस्कर किंवा धामण असतेच. तिला बाहेर यायचं कारण नसतं, एवढंच. म्हणून तारीख ठरवण्याआधी दोन गोष्टी ठरवा: कोणते साप बघायचेत, आणि त्या आठवड्यात हवा कशी आहे. त्यातही हवेला जास्त वजन द्या. भर हंगामातली वाऱ्या-पावसाची रात्र रिकामी जाते आणि हंगामाबाहेरची एखादी उबदार, दमट संध्याकाळ भरभरून देते.

साप बाहेर पडतो त्याची कारणं मोजकी आहेत. अंगाला पुरेशी ऊब, कातडी सुकवणार नाही एवढी दमट हवा, भक्ष्य, जोडीदाराचा शोध, किंवा बिळात पाणी शिरणं. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांत तिचं नाव आहे. तिथे पावसाळ्यात दमटपणाची कधीच कमतरता नसते. कमी पडते ती ऊब आणि शांत हवा. म्हणून तिथे पाऊस कधी पडतो यापेक्षा तो कधी थांबतो हे बघायचं. दोन-तीन दिवस चांगला कोसळून दुपारी उघडीप मिळाली, तासभर ऊन पडलं, संध्याकाळी वारा पडला आणि बेडकांनी सूर धरला, की ती रात्र सोडू नका. बारीक भुरभुर चालते. सोसाट्याचा वारा मात्र चालत नाही. एक तर झाडावरचे साप अशा वेळी आत, दाट जागी सरकतात. दुसरं, प्रत्येक फांदी हलत असताना तुमच्या डोळ्यांना काहीच वेगळं काढता येत नाही.

आता वर्षाचा फेरा बघू. सगळे महिने सारख्या तपशिलात सांगत बसत नाही.

मे महिन्याच्या शेवटी वळीव पडतात तेव्हा हालचाल सुरू होते. जूनमध्ये मान्सून आला की पहिल्या आठवड्यात जमिनीखालची मंडळी वर येतात. खापरखवल्या हा एरवी मातीत राहणारा साप या दिवसांत रस्त्यावर, पायवाटेवर दिसतो: शेपूट तिरकी छाटल्यासारखी बोथट आणि खरखरीत, तोंड निमुळतं. शेपटीलाच तोंड समजून लोक घाबरतात. याच दिवसांत देवगांडूळही दिसेल. तो साप नव्हे आणि गांडूळही नव्हे. बेडकांच्याच वर्गातला बिनपायांचा उभयचर आहे. अंगावर वळ्या आणि ओली, बुळबुळीत त्वचा दिसली, खवले दिसले नाहीत, तर तो देवगांडूळ. घोणशीची पिल्लंही साधारण मे ते जुलैत जन्मतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि एका वेळी वीस-चाळीस पिल्लं सहज होतात. वीतभर पिल्लू पायवाटेच्या कडेच्या पाल्यात दिसतच नाही, आणि विष पहिल्या दिवसापासून असतं. जूनमध्ये गमबूट का हवेत याचं हे कारण.

जुलैबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पाऊस जास्त म्हणजे साप जास्त, असं नसतं. आंबोलीत जुलैचे कित्येक दिवस सलग पाऊस, धुकं आणि गारठा असतो. बाहेर पडणारे साप असतातच, विशेषतः चापडा (झाडाझुडपांवरचा विषारी साप), पण तुम्हाला दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, कॅमेऱ्याच्या काचेवर आतून बाष्प धरतं आणि दोन रात्रींपैकी दोन्ही वाया जाण्याची शक्यता मोठी. मुक्काम आठवडाभराचा असेल तर जुलै उत्तम, कारण मधली एखादी उघडीप तुम्हाला सापडतेच. दोन रात्रींसाठी तो जुगार आहे.

श्रावण-भाद्रपदात ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो आणि गणित बदलतं. उघडिपी वारंवार मिळतात, झाडोरा पूर्ण वाढलेला असतो, ओढे भरलेले पण अंगावर येणारे नसतात, बेडूक आणि त्यांची पिल्लं मुबलक असतात. शिवाय उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या सुरुवातीला घातलेली बरीच अंडी याच सुमारास फुटतात. नागाच्या अंड्यांना साधारण दोन महिने लागतात. धामण, विरोळा यांचीही पिल्लं या दिवसांत हिंडताना दिसतात. पिल्लं अननुभवी, भुकेली आणि उघड्यावर वावरणारी. तुमच्या यादीत जातींची संख्या वाढते ती यांच्यामुळे. हवामान खात्याच्या रोजच्या पत्रकात मान्सूनची आस (कमी दाबाचा लांब पट्टा) हिमालयाच्या पायथ्याकडे सरकल्याचं वाचलंत तर कोकणात पावसाला खंड पडण्याची शक्यता असते. त्या दोन-तीन दिवसांत निघा. फक्त गणपतीचे दिवस वगळा. चाकरमान्यांच्या गाड्यांनी घाटरस्ता भरलेला असतो, घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांच्या घरी स्वतःचाच गणपती असतो, आणि त्या रहदारीत रात्री रस्त्यावर जे साप दिसतात ते बहुतेक चिरडलेले.

ऑक्टोबर तापला की चित्र पालटतं. भातकापणीच्या वेळी उंदीर आणि त्यांच्यामागे धामण, नाग, घोणस शेताच्या बांधांवर असतात. जंगलापेक्षा शेताच्या कडेला जास्त दिसतं. झाडावरचे साप मात्र विरळ होतात. दिवाळीत जाणार असाल तर रात्रीवर भिस्त ठेवू नका. सकाळी ऊन वर आल्यावर, साधारण नऊ ते साडेअकरा, ओढ्याकाठचे कातळ, गडगे आणि बांध लांबून दुर्बिणीने तपासा. ऊन खायला आलेला साप तुमच्या पावलांचा हादरा आधी ओळखतो, त्यामुळे चालत जाऊन शोधण्यापेक्षा एका जागी बसून बघणं फळतं.

थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आंबोलीच्या रात्री सापांसाठी जवळपास बंद समजा. खाली कोकणात आणि देशावर याच काळात घोणशींची जुळणी चालू असते, त्यामुळे त्या दिवसाही हलताना दिसतात. अजगरही उन्हाला येतो. मार्च ते मे पाणवठ्याशेजारी संध्याकाळी थोडंफार. बाकी काही नाही.

दोन रात्रींत काय दिसणं शक्य आहे, त्याची अपेक्षा नीट ठेवा. आंबोलीचं खास आकर्षण मलबारी चापडा आणि त्याच्या जोडीला बांबू चापडा. त्याशिवाय हरणटोळ, मांजऱ्या, कवड्या, दिवसा गवत्या आणि नानेटी, ओढ्यात विरोळा. नाग किंवा मण्यार दिसली तर नशीब. त्यांच्यासाठी म्हणून आंबोली गाठू नका. नागराज (किंग कोब्रा) दक्षिण सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या जंगलपट्ट्यात आहे, पण तो ठरवून दिसणारा साप नाही.

आता शोधायचं कसं. निम्मे लोक योग्य रात्री जाऊनही रिकाम्या हाताने परततात ते चालण्याच्या वेगामुळे. रात्री साडेसात ते अकरा ही वेळ धरा आणि पाच-सहाशे मीटरचा एकच पट्टा निवडा. तेवढं अंतर जायला तास लागला पाहिजे. जाताना एकाने डावी बाजू घोट्यापासून कमरेपर्यंत बघायची, दुसऱ्याने उजवी. येताना तेच दोघे कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत. तिसरा फक्त पायाखालची वाट बघतो आणि इतर दोघांना थांबवण्याचा अधिकार त्याचा. ओढा किंवा साचलेलं पाणी लागलं की दहा मिनिटं थांबा. पाण्यावर लोंबणाऱ्या पानांना बेडकांची फेसाची घरटी दिसली तर आजूबाजूच्या फांद्या दोनदा तपासा.

डोळ्यांच्या चमकीवर विसंबू नका. टॉर्चच्या उजेडात गवतात हिरवे-निळे ठिपके लुकलुकतात ते कोळी. सापाचे डोळे तसे चमकत नाहीत. साप आकाराने शोधायचा. चापडा ओढ्याकाठच्या झुडपात, गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत, फांदीवर वेटोळं करून किंवा अंग नागमोडी मुडपून तोंड खाली धरून बसतो. रंगावर जाऊ नका. मलबारी चापडा हिरवा असतो, पिवळट असतो, तपकिरी असतो, शेवाळलेल्या सालीसारखाही असतो. नजरेला पकडायचं ते म्हणजे बारीक काटक्यांच्या जाळीत अचानक आलेली जाडी, आणि त्या जाडीला जोडलेली बारीक मान व पसरट त्रिकोणी डोकं. बांबू चापडा अंगाने जास्त सरसकट हिरवा, आणि बांबूच्या बेटात व झुडपांत बघायचा.

हरणटोळ याच्या अगदी उलट. हा दिवसाचा साप. दिवसा हिरव्या पानांत समोर असून सापडत नाही. रात्री तो फांदीच्या टोकाला, अगदी बारीक डहाळीवर झोपतो. बहुधा कोणी चढून आलं तर डहाळी हलून जाग यावी म्हणून. खालून टॉर्च मारला की तो पानांपेक्षा फिकट, जवळजवळ पांढुरका दिसतो. त्यामुळे हरणटोळ दिवसभर शोधण्यापेक्षा रात्री नऊला बघणं सोपं. उठवू मात्र नका.

टॉर्चबद्दल थोडं. ३०० ते ५०० ल्युमेनचा पुरे, शक्यतो किंचित पिवळसर उजेडाचा. फार प्रखर पांढरा झोत ओल्या पानांवरून परत डोळ्यांत येतो. धुकं उतरलं की डोक्यावरचा दिवा बंद करा आणि हातातला टॉर्च कमरेच्या उंचीवर धरा; कपाळावरून निघालेला उजेड धुक्यावर आपटून समोर पांढरी भिंत उभी करतो. सुटी बॅटरी सुक्या पिशवीत ठेवा. कॅमेरा बाहेर पडण्याआधी अर्धा तास वऱ्हांड्यात ठेवलात तर काचेवर बाष्प धरणं बरंच कमी होतं.

जागा कोणती, हे नेमकं सांगत नाही, आणि ते मुद्दाम. चापडा एकाच फांदीवर कित्येक दिवस बसून राहतो. त्याची जागा लिहिली की पुढच्या शनिवारी तिथे पंधरा टॉर्च असतात. सर्वसाधारण दिशा म्हणून चौकुळकडचा रस्ता, हिरण्यकेशीकडची वाट, महादेवगडाच्या बाजूचा भाग सुचवता येईल. मुख्य घाटरस्ता आणि धबधब्याचा परिसर रात्री पायी वापरू नका: वळणं आंधळी, धुकं, एसटी आणि ट्रक. हिरण्यकेशीचा परिसर २०२१ पासून जैवविविधता वारसास्थळ आहे; तिथल्या पाण्यात उतरू नका, दगड हलवू नका. राखीव जंगलात रात्री शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते. गावातला जाणकार वाटाड्या घ्या. त्याला कोणती वाट खुली आहे तेही माहीत असतं आणि काल रात्री काय कुठे होतं तेही. बहुतेक व्याघ्र प्रकल्पांची पर्यटनक्षेत्रं पावसाळ्यात बंद असतात, म्हणून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या चांदोली-कोयनेचा बेत याच सहलीला जोडू नका.

साप सापडला की पहिल्यांदा सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. जोडीने असलेला दुसरा साप किंवा तुमच्या बाजूच्या फांदीवरचा साप याच क्षणी दुर्लक्षिला जातो. चापड्यापासून किमान दीड मीटर, घोणस-नागापासून तीन मीटर. १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स असेल तर दीड मीटरवरून चापड्याचा अख्खा फोटो आरामात येतो. फांदी वाकवायची नाही, काठीने डोकं वळवायचं नाही, पाच मिनिटांत दिवे फिरवून पुढे निघायचं. दुसऱ्या रात्री त्याच फांदीवर पुन्हा बघा, तो बहुधा तिथेच असेल.

रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा काळपट साप दिसला तर तो कवड्या की मण्यार, हा प्रश्न येणारच. दोन मीटरवरून टॉर्चमध्ये पट्टे बघा. मण्यारीचे पट्टे मानेकडे पुसट किंवा नसलेलेच, आणि शेपटीकडे ठळक होत जातात. अंग काळं-निळसर, तुकतुकीत. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि मागे विरत जातात. अंग बहुधा तपकिरी. ही ओळख फोटोखाली नाव लिहिण्यापुरती. हात लावण्यासाठी ती पुरेशी नाही, कारण पिल्लांत आणि कात टाकायच्या आधीच्या अंगावर दोन्ही फसवतात.

दगड उलटून शोधण्याची सवय असेल तर सोडा. सड्यावर, म्हणजे रत्नागिरी-देवगडच्या जांभ्या कातळावर, सैल दगडाखाली फुरसं बसलेलं असतं आणि ते वीतभर असलं तरी विजेसारखं येतं. तिथे फुरशी किती आहेत याची कल्पना यावी म्हणून सांगतो: १८६२ च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने इनाम वाढवल्यावर आठवडाभरात लाखावर फुरशी मारून आणली गेली होती. डिसेंबरात, म्हणजे ती रात्री फिरताना सापडली नसणार. दगडाखालून काढली असणार. फुरसं बघायचंच असेल तर जूनच्या पहिल्या सरींनंतर सड्यावरच्या वाटेने रात्री जा. ओल्या जमिनीवरून ते बऱ्याचदा खुरट्या झुडपावर किंवा गवताच्या ठोंबावर चढून बसलेलं आढळतं. डिवचलं की अंगाच्या कडा एकमेकींवर घासून करकर आवाज करतं. तो ऐकू आला म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आहात.

देशावरचं गणित थोडं निराळं. पुण्याच्या पूर्वेला पाऊस कमी, त्यामुळे तिथे ऊब मुबलक आणि ओल दुर्मिळ. तिथे उघडीप शोधायची नाही, पाऊस शोधायचा: जूनची पहिली मोठी सर आणि सप्टेंबरचा परतीचा पाऊस.

कायदा आणि दवाखाना, दोन्ही आधी ठरवून निघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि नाग, घोणस, धामण, अजगर हे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत. हाताळणं, पकडून फोटोसाठी दुसरीकडे ठेवणं हा गुन्हा आहे, बरोबरचा माणूस कितीही 'सर्पमित्र' असला तरी. दंशाचं बोलायचं तर आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं आहे. चापड्यासाठी ते नाही. चापड्याच्या दंशाने जीव जाणं विरळा, पण सूज आणि वेदना भरपूर होतात, आणि तिथे डॉक्टरांची देखरेख हाच उपाय. दंश झाला तर अंगठी-घड्याळ काढा, अवयव हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, १०८ ला फोन करा. सावंतवाडी सुमारे तीस किलोमीटर, पण घाट उतरून. रात्री धुक्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून गाडी तोंड वळवून उभी ठेवा आणि चालवणारा दारू न प्यायलेला असू द्या. काही वाटांवर मोबाइलला रेंज नसते. निघण्याआधी मुक्कामाच्या घरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. तिथे जमिनीवर अंथरूण घालू नका. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही.

आणि दोन्ही रात्री पाऊस थांबलाच नाही तर? हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर निघूच नका, दरडी कोसळतात. तिथे पोचल्यावर पावसात अडकलात तर रात्रीचा हट्ट सोडून सकाळी बघा: गवताळ सड्यावर गवत्या बेडूक शोधत दिवसाच फिरतो, भातखाचराच्या बांधावर विरोळा असतो, आणि दोन सरींमधल्या अर्ध्या तासाच्या उन्हात गडग्यांच्या माथ्यावर धामण येते. पाऊस थांबल्यापासून पहिल्या वीस मिनिटांत बाहेर पडा, उशीर केलात तर पुढची सर गाठते.